बत्तिसावा मास्क

मी फार बोलतो, अशी आमच्या इमारतीत माझ्याबद्दल तक्रार आहे. तक्रार तोंडी आहे, लेखी कोणी दिलेली नाही, त्यामुळे मी तिची दखल घेतलेली नाही. पाणीपुरवठा कार्यालयाच्या आवक-जावक विभागात सव्वीस वर्षं काढलेला माणूस तोंडी गोष्टींना भीक घालत नाही. आलेल्या कागदाला आवक क्रमांक, गेलेल्या कागदाला जावक क्रमांक. ज्याला क्रमांक नाही तो कागद आलाही नाही आणि गेलाही नाही. या शिस्तीमुळेच लोकांनी मला इमारतीचा सेक्रेटरी केलं. बायकोचं म्हणणं वेगळं आहे. ती म्हणते, "त्या सभेला तुम्ही एकटेच वेळेवर गेलात, म्हणून गळ्यात पडलं."

साथ आली तेव्हा पहिली सूचना अशी होती की धडधाकट माणसांनी मास्क लावू नये, ते दवाखान्यातल्या लोकांना लागतात. मी ताबडतोब तसा कागद टाइप करून, क्रमांक घालून खालच्या फळ्यावर लावला. दुसऱ्या मजल्यावरचे विमावाले तेव्हाच मास्क लावून फिरायला लागले होते. मी त्यांना समज देणारं पत्र दिलं. थोड्याच दिवसांनी सूचना आली की प्रत्येकाने मास्क लावलाच पाहिजे. मग ते पत्र मागे घेतल्याचं पत्र द्यावं लागलं. विमावाल्यांनी ते जिन्यात उभं राहून, दोनदा, मोठ्याने वाचलं.

नंतर रुमाल चालेल असं आलं. मग रुमाल चालणार नाही असं आलं. मग तीन पदर हवेत, मग झडप असलेला नको, मग एकावर एक दोन. दरवेळी मी इमानेइतबारे "आधीची सूचना रद्द" असं लिहून नवा कागद जुन्यावर लावत गेलो. गठ्ठा इतका जाड झाला की टाचणी आरपार जाईना, तेव्हा मी एक लांब खिळा ठोकला. तिसऱ्या मजल्यावर एकटे राहणारे निवृत्त मास्तर येता-जाता तो गठ्ठा चाळायचे आणि म्हणायचे, "सेक्रेटरी, यातली खरी सूचना कितव्या पानावर आहे?"

या गोंधळावर तोड म्हणून मी एक योजना काढली, आणि तिथेच माशी शिंकली. इमारतीत एकतीस माणसं. प्रत्येकाचा मास्क वेगळा, कोणाचा किती पदरी ते कळायचं कसं? मी कोपऱ्यावरच्या शिंप्याला गाठलं. शाळा बंद पडल्यामुळे त्याच्याकडे गणवेशाच्या करड्या चौकड्यांचं कापड पडून होतं. त्यातून एकाच मापाचे, तीन पदरी, एकतीस मास्क शिवायला सांगितले. त्याने बत्तीस आणून दिले.

"एक जास्त आहे," मी म्हणालो.

"कापड उरलं होतं. कोणाला तरी होईल," शिंपी म्हणाला.

मी नोंदवही केली. नाव, मजला, सही. एकतीस सह्या झाल्या. बत्तिसावा मास्क फळ्याच्या खिळ्याला टांगून ठेवला, आणि आठ दिवसांत तो नाहीसा झाला. वही उघडून बघतो तर बत्तिसाव्या ओळीत सही होती. नाव नाही, मजला नाही, नुसती सही. वही माझ्या कपाटात, कपाटाची किल्ली माझ्या जानव्याला नसली तरी कमरेला असते. मी ती सही उलटसुलट करून पाहिली, पण ती कोणाची ते लागलं नाही.

एकसारख्या मास्कमुळे इमारतीत कोण कोण आहे तेच कळेनासं झालं. दोनदा मी बायको समजून दुसऱ्याच बाईंच्या हातातली पिशवी घेऊन जिना चढलो. मजलाभर त्या मला बोलत होत्या आणि मी ऐकत होतो. बोलणी ओळखीची वाटल्यामुळे दोघांच्याही लक्षात आलं नाही. पण एका दुपारी टँकर यायचा होता आणि खाली लोक बादल्या घेऊन उभे होते, तेव्हा मी सवयीने माणसं मोजली. बादल्या सात होत्या आणि माणसं आठ. पुन्हा मोजली तर सात. सगळे करड्या चौकड्यांतले, सगळे गप्प, सगळे माझ्याकडे बघत असलेले. त्या दिवशी मी पाणी न भरताच वर आलो, आणि त्याबद्दल घरात जे ऐकलं ते वेगळंच.

आता आईबद्दल सांगायला हवं. खरं तर तिच्याचपासून सुरुवात करायला हवी होती.

आई त्र्याहत्तर वर्षांची. आठ वर्षांपूर्वी एका आजारात तिचे दोन्ही कान गेले, ठार गेले. पण बाई हटली नाही. सहा महिन्यांत ती ओठांवरून बोलणं वाचायला शिकली. तिच्या खोलीची खिडकी जिन्यात उघडते. घर बांधणाऱ्याने असं का केलं ते त्यालाच ठाऊक, पण आईचं त्यामुळे भलं झालं. काच बंद असली तरी तिला काय फरक पडणार? जिन्यात उभं राहून हळू आवाजात केलेली प्रत्येक निंदा तिला समोरासमोर ऐकल्यासारखी कळायची. इमारतीतली माणसं तिच्या खिडकीवरून जाताना तोंड मिटून जात, एवढा तिचा दरारा.

मास्क आले आणि आई दुसऱ्यांदा बहिरी झाली. पहिल्या वेळी ती रडली नव्हती, या वेळी रडली. मी आणि बायको घरात तरी तोंड उघडं ठेवत होतो, तोवर ठीक चाललं होतं. मग सूचना आली की घरातही ज्येष्ठांसमोर मास्क लावावा, कारण बाहेर जाणारी माणसंच घरात रोग आणतात. मी रोज कार्यालयात जाणारा. माझ्या हातून तिला काही झालं तर? मी मास्क लावला, बायकोला लावायला लावला, आणि आईशी चिठ्ठ्यांनी बोलायला लागलो. जेवलीस का. गोळी घेतलीस का. खिडकी उघडू नकोस. आई चिठ्ठ्या वाचून उशीखाली ठेवायची. एकदा म्हणाली, "अरे, चिठ्ठीत नुसतं कामाचं येतं. तू पूर्वी किती फालतू बोलायचास."

मी काही केलं नाही असं नाही. शिंप्याकडून मधोमध प्लास्टिकची खिडकी असलेला मास्क शिवून घेतला. दोन वाक्यांत त्यावर वाफ धरायची आणि धुक्यात हलणारे दात तेवढे दिसायचे. बायको म्हणाली, "काढा ते. भांड्यात काढून ठेवलेली कवळी बोलतेय असं वाटतं." मग मी आरोग्य कार्यालयात जाऊन विचारलं की ओठ वाचणाऱ्या माणसासाठी काही वेगळा नियम आहे का. प्लास्टिकच्या पडद्यामागचे कारकून म्हणाले, "अर्ज करा, बहिरेपणाचा दाखला जोडा." दाखल्यासाठी कानाची तपासणी, आणि तपासणी साथीमुळे बंद. मी म्हणालो, बंद नसती तरी तपासणाऱ्याच्या तोंडावर मास्क असणार, आईला त्याचे प्रश्न कळणार कसे? ते काहीतरी म्हणाले. मास्कमधून मला ते ऐकू आलं नाही. मी पुन्हा विचारलं, त्यांना ते ऐकू गेलं नाही. शेवटी आम्ही एकमेकांना नमस्कार केला आणि मी घरी आलो.

फक्त मास्तर नियम मोडत होते. खाली उतरताना ते आईच्या खिडकीसमोर थांबायचे, मास्क हनुवटीवर ओढायचे आणि विचारायचे, "काय वहिनी, झोप लागली का?" आई खुलायची. मी एकदा हे पाहिलं आणि त्यांना लेखी ताकीद दिली.

"अहो सेक्रेटरी, मध्ये काच आहे की बंद," मास्तर म्हणाले.

"नियमात काचेचा उल्लेख नाही," मी म्हणालो.

त्यांनी ताकीद घडी घालून खिशात ठेवली आणि पुन्हा कधी मास्क उतरवला नाही. नियमाचे पक्के होते बिचारे, नुसते माझ्यासारखे बोलून दाखवत नसत.

त्यानंतर साधारण महिन्याने आई संध्याकाळी मला म्हणाली, "उद्यापासून उघड्यावर एकटं चालताना मास्क नको म्हणे."

"कोण म्हणालं?" मी चिठ्ठीवर लिहिलं.

"जिन्यातले गृहस्थ. साडेतीनला येतात. फार छान बोलतात."

दुसऱ्या दिवशी तशीच सूचना निघाली. मी म्हटलं, योगायोग. आठवड्याने आई म्हणाली, "ते परत बदलणार आहे, उघड्यावरही लावायचा." तेही झालं. तिसऱ्या वेळी मी धीर करून आदल्या दिवशीच फळ्यावर कागद लावला. सकाळी बातमी आली तेव्हा आमच्या इमारतीत ती शिळी झाली होती. माझी मान ताठ झाली. विमावाले जिन्यात वाट अडवून विचारायला लागले, "साहेब, वर कोणी ओळखीचं आहे का?" मी नुसता हसायचो. मास्कमधून हसणं दिसत नाही, म्हणून मान हलवायचो.

मात्र एक गोष्ट मला उशिरा सुचली. मी चिठ्ठी लिहिली, "ते मास्क लावतात का?"

"लावतात ना. आपलाच, चौकड्यांचा."

"मग तुला बोलणं कसं कळतं?"

आईने चिठ्ठी उशीखाली सारली. "कसं कोण जाणे. पण कळतं. अगदी स्वच्छ बोलतात. तुमच्यासारखं तोंडातल्या तोंडात नाही."

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकून वरच्या जिन्यात दबा धरून बसलो. साडेतीनला खाली बघतो तर खिडकीसमोर एक जण उभा होता. सरळ, हात मागे बांधून, करड्या चौकड्यांचा मास्क. तो वर चढून आलेला मला दिसला नव्हता आणि पावलंही ऐकू आली नव्हती. काचेमागे आई हसत होती. मला ऐकू येतं, देवाच्या दयेने अजून चांगलं ऐकू येतं. जिन्यात अजिबात आवाज नव्हता. मी अकरा पायऱ्या उतरून आलो तेवढ्यात तिथे कोणी नव्हतं.

"आत्ताच गेले," आई म्हणाली. "वर काम आहे म्हणाले. आणि हो, वरच्या मास्तरांना उद्यापासून मास्क लागणार नाही."

इथे मी जे केलं ते माझ्याशिवाय कोणाला सुचलं नसतं. मी म्हटलं, ही वयोगटवार सवलत असणार. मास्तर अठ्ठ्याहत्तरचे. मी कागद टाइप केला, "पंचाहत्तर वर्षांवरील रहिवाशांना उद्यापासून मास्कमधून सूट," आणि अभिनंदन करायला स्वतः वर गेलो. मास्तरांनी चष्मा लावून तो वाचला. म्हणाले, "वा. म्हणजे उद्या खाली उतरताना वहिनींशी बोलता येईल. ताकीद नाही ना द्यायची?"

सकाळी दूधवाल्याने हाका मारल्या तर दार उघडेना. मास्तर खुर्चीत बसल्या बसल्या गेले होते. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, साथीचा काही संबंध नाही. त्यांचा मास्क धुऊन दोरीवर वाळत घातला होता. तशी सवलत कुठेही निघाली नव्हती. मी खाली जाऊन माझा कागद काढून घेतला. मला कोणी काही बोललं नाही, विमावालेसुद्धा नाहीत, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला.

मी आईच्या खिडकीला जाड पडदा लावला. आईने तो दोन दिवस सहन केला. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "एवढं एक माणूस माझ्याशी बोलतं, तेही तुम्हाला बघवत नाही." तिच्या उशीखालच्या चिठ्ठ्यांचा ढीग मला दिसत होता. मी पडदा काढला.

अकरा दिवसांनी मी कार्यालयातून आलो तर आई वेणीफणी करून, नवं पातळ नेसून बसली होती. चेहरा नुसता उजळलेला.

"ऐकलंस का? मला उद्यापासून मास्क लागणार नाही."

मी खाटेवर बसलो. बायको दारात उभी होती, तिनेही ऐकलं होतं. तिने मास्कवरून तोंडावर हात दाबला.

"अरे, आनंदाची गोष्ट आहे," आई म्हणाली. "उद्या साडेतीनला येऊन पुढचं सगळं सांगतो म्हणाले."

डॉक्टर बोलावले. त्यांनी आईला तपासलं आणि म्हणाले, "तुमच्यापेक्षा बऱ्या आहेत." त्यांना जिन्यातल्या गृहस्थांचं सांगणार कसं? विमावाल्यांना सांगितलं असतं तर त्यांनी आधी अर्ज भरून घेतला असता. मला राहून राहून एकच गोष्ट आठवत होती. ते पुढचं सगळं साडेतीनला सांगणार होते. म्हणजे अजून पूर्ण सांगून झालं नव्हतं. आमच्या विभागात अर्धा कागद निघत नाही. आणि आईला काही सांगायचं तर तिने त्यांच्याकडे बघायला हवं.

आणि तेव्हा मला मास्तर आठवले. अहो सेक्रेटरी, मध्ये काच आहे की बंद.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली. दुपारी दोनला स्टूल घेऊन जिन्यात गेलो आणि आईच्या खिडकीसमोर, नेमकं त्यांच्या उभं राहण्याच्या जागेवर, काचेला नाक टेकेल इतकं जवळ बसलो. मास्क काढून खिशात घातला. काच बंद. पलीकडे आई. कितीतरी महिन्यांनी तिने माझं तोंड पाहिलं. पहिल्यांदा ती म्हणाली, "किती वाळलास रे!" आणि मग, "दाढीचे केस पिकलेत तुझे."

मी बोलायला लागलो. शिंप्याचं सांगितलं, टँकरचं सांगितलं, कवळीचा किस्सा सांगितला. ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. काचेवर माझीच वाफ धरायची, ती मी बाहीने पुसायचो आणि पुढे बोलायचो. कार्यालयातल्या साहेबांची नक्कल केली. बायको माझ्याबद्दल काय म्हणते ते सांगितलं, मी तिच्याबद्दल काय म्हणतो ते सांगितलं नाही, कारण ती आत आईच्या शेजारीच बसली होती.

साडेतीनच्या सुमारास मान गार पडली. मी मागे पाहिलं नाही. काचेत माझा चेहरा दिसत होता, आणि माझ्या खांद्यावर आणखी एक, करड्या चौकड्यांचा. माझ्या श्वासाने काच धुरकट होत होती. दुसऱ्या चेहऱ्याच्या जागी ती स्वच्छच राहत होती.

आईची नजर हलली. माझ्या खांद्यावरून मागे गेली, आणि ती ओळखीचं हसली.

मी काचेवर टकटक केलं. "आई, इकडे बघ. मी चौदा वर्षांचा असताना तुझं घड्याळ हरवलं होतं ना? ते मी उघडून बघितलं होतं. परत जोडता आलं नाही, म्हणून विहिरीत टाकलं."

"काय?" आईची नजर झटकन माझ्यावर आली. "आणि मी शेजारणीवर आळ घेतला रे मेल्या!"

तेवढ्यात वरून विमावाले उतरत आले. मला तसा बघून थबकले. "सेक्रेटरीसाहेब, मास्क? हे मागे उभे आहेत त्यांनी बघा कसा व्यवस्थित लावलाय. शिका त्यांच्याकडून." आणि ते खाली निघून गेले. म्हणजे त्यांनाही ते दिसत होते. पण थांबून चालणार नव्हतं. मी लहानपणापासूनची एकेक चोरी सांगायला घेतली. त्या संपल्यावर मास्तरांना दिलेल्या ताकिदीचं सांगितलं. तेव्हा मला बोलवेना. आई काचेला हात लावून म्हणाली, "सांग. मी बघतेय."

"आई, मला भीती वाटते. तू जाशील म्हणून."

"मी कुठे जाते? कडी बाहेरून तूच लावून ठेवतोस."

काचेतल्या त्या चेहऱ्यावरचं कापड हललं. काहीतरी बोलणं चाललं होतं, मला आवाज येत नव्हता. आईची पापणी त्या बाजूला वळायला लागली. मी मागे न बघता, शासकीय आवाजात म्हणालो, "जे काही असेल ते लेखी आणा. जावक क्रमांकासह. माझ्या नोंदीशिवाय या घरातून काहीही जात नाही." आणि लगेच आईला म्हणालो, "तर घड्याळाचं पुढे ऐक."

पाच वाजता माझा घसा पूर्ण बसला. आवाज निघत नव्हता, नुसते ओठ हलत होते. आईला त्याने काही फरक पडत नव्हता. मान कधी उबदार झाली ते मला कळलं नाही. खाली गेलो तर फळ्याच्या खिळ्याला बत्तिसावा मास्क टांगलेला होता, इस्त्रीची घडी न मोडलेला. मी वहीत त्या ओळीपुढे "परत आला" असं लिहिलं, पण खाली सही करायला कोणी नव्हतं.

यालाही आता बरेच महिने झाले. सूचना अजून बदलतात. मी त्या फळ्यावर लावतो, पण आदल्या दिवशी कधीच नाही. आई चौऱ्याहत्तर वर्षांची झाली आणि घड्याळासाठी मला अजून शिव्या देते. मी रोज साडेतीनला स्टूल घेऊन खिडकीशी बसतो. कार्यालयात वेळ बदलून घेतली आहे, अर्ज मंजूर आहे, क्रमांक आहे. लोक म्हणतात, सेक्रेटरी काचेशी बडबडतात. बडबडतो. सांगण्यासारखं सगळं केव्हाच सांगून झालंय. आईही म्हणते, "पुरे रे, हे कालच सांगितलंस." पण बोलता बोलता तिची नजर माझ्या खांद्यावरून मागे जाते आणि ती ओळखीचं हसायला लागते, तेव्हा मी काचेवर टकटक करतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.